सोजत : हिरव्या धुळीचं गाव

जोधपूरचा विकेंड म्हटलं की आपलं पॅकेज ठरलेलं असतं. मेहरानगडावर फोटो, निळ्या घरांच्या गल्लीत आणखी फोटो, घंटाघरापाशी मिरची वडा, वर मखनिया लस्सी आणि रविवारी रात्रीची परतीची फ्लाइट. सोमवारी सकाळच्या मीटिंगला डोळे चोळत हजर! ठीक आहे, त्यातही मजा आहे. पण बॉसने एक दिवस जास्तीची रजा दिलीच, तर जोधपूरहून साधारण ८० किलोमीटरवरचं एक गाव बघून या. गाइडबुकात त्याला फार तर दोन ओळी मिळतात. तिथे राजवाडा नाही, रूफटॉप कॅफे नाही, इन्स्टाग्रामवर टाकावं असं काही चटकन सापडत नाही. पण तुमच्या बहिणीच्या लग्नात हातावर जे चढतं आणि तुमच्या आईच्या, काकूच्या, कदाचित तुमच्याही केसांना जे लागतं, त्याचा पत्ता बहुतेक वेळा हाच असतो. गावाचं नाव सोजत.

पाली जिल्ह्यातलं हे गाव ब्यावर-पाली हमरस्त्यावर आहे. टेकडीवर एक जुना किल्ला, खाली बाजार आणि सगळीकडे मेंदी. म्हणजे अक्षरशः सगळीकडे! टेम्पोत मेंदी, पोत्यांत मेंदी, गोदामाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याच्या पागोट्यावर मेंदीची धूळ. गाडीची काच खाली केली आणि पहिला वास आला तो वाळलेल्या गवताचा, थोडा चहापत्तीच्या डब्यासारखा. "आ गया सोजत," आमचा ड्रायव्हर म्हणाला. पाटी बघायची गरजच पडली नाही.

भारतात पिकणाऱ्या मेंदीचा फार मोठा वाटा या पट्ट्यातून येतो. २०२१ साली 'सोजत मेहंदी'ला भौगोलिक मानांकन मिळालं, तेच जे आपल्या हापूसला आहे आणि नाशिकच्या द्राक्षांना आहे. तेव्हापासून देशातल्या निम्म्या कोनांवर 'सोजत' छापलेलं दिसतं की काय, असं वाटावं इतकं हे नाव चालतंय. मला बघायचं होतं ते हेच. नाव सोजतचं, पण आत काय?

ऑक्टोबरमधलं शेत

मी गेले ते ऑक्टोबरमध्ये. मेंदीच्या कापणीचे हेच दिवस. शेत म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे ऊस नाहीतर भात येतो. इथे मात्र करड्या-पिवळ्या जमिनीवर ओळीने लावलेली, कमरेएवढी काटक झुडपं. पहिल्यांदा बघून तर मला वाटलं, ही तर आपल्या सोसायटीच्या कुंपणाची मेंदी! पण तसं नाही. आपल्याकडे बागेच्या कडेला कातरून ठेवलेली 'मेंदी' बऱ्याचदा कोयनेल असते, नाहीतर ड्युरांटा. तिचा रंग चढत नाही. रंग चढतो तो लॉसोनिया इनर्मिस या झुडपाच्या पानांचा आणि ते झुडूप हे.

शेताचे मालक सत्तरीच्या आसपासचे. इकडे वडीलधाऱ्यांना 'बासा' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हटलं. बासांनी बसायला बाज दिली, चहा मागवला आणि मग निवांत बोलायला लागले. एकदा लावलेली मेंदी कित्येक वर्षं, अगदी दोन-तीन दशकंसुद्धा, पीक देत राहते. दरवर्षी पावसावर फुटते, पावसाळा संपला की बुंध्याजवळून कापायची, पुढच्या पावसाला पुन्हा हजर. विहिरीचं पाणी नाही, लाडकोड नाहीत. "पाणी जास्त मिळालं की पान मोठं होतं, रंग उतरतो," असं बासांचं म्हणणं. ऊन कडक, हवा कोरडी, पाऊस बेताचा. मारवाडच्या माणसाला जे जड जातं, तेच मेंदीला मानवतं.

कापणाऱ्या बायका एका हाताला जाड कापड गुंडाळतात आणि दुसऱ्या हातात विळा धरतात. काड्या टोचतात ना! सकाळी लवकर सुरुवात होते, उन्हं चढली की जरा विसावा. कापलेल्या फांद्या शेतातच वाळवायच्या, मग झोडपून पानं वेगळी करायची. याच सुमाराला अवेळी पाऊस आला तर पानं काळपट पडतात आणि भाव कोसळतो. बासा मध्येच मान वर करून आभाळाकडे बघायचे ते याचसाठी. वर्षभराचं उत्पन्न त्या पंधरा-वीस दिवसांत शेतात उघड्यावर पडलेलं असतं.

मी एक हिरवं पान खुडून तळहातावर चोळलं. काही झालं नाही. बासा हसले. पानातला रंग असा लगेच बाहेर येत नाही. पान वाटावं लागतं, थोडं आंबट काहीतरी घालावं लागतं, थांबावं लागतं. आपली आजी पाट्यावर मेंदीचा पाला वाटायची, त्यात काथ घालायची, लिंबू पिळायची आणि रात्रभर हात बांधून झोपायला लावायची, ते काही उगाच नव्हतं!

रंग कुठून येतो?

थोडंसं केमिस्ट्री. घाबरू नका, बारावीचं नाही.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं द्रव्य असतं, साधारण एक ते दोन टक्के. रंग नारिंगी-लाल. ते आपल्या त्वचेच्या अगदी वरच्या, मृत पेशींच्या थरातल्या केराटिन या प्रथिनाला चिकटतं. केसही केराटिनचेच, म्हणून केसांनाही रंग धरतो. तळहाताची कातडी जाड, तिथे केराटिन जास्त, म्हणून तिथे मेंदी गडद रंगते आणि मनगटाच्या वर फिकी पडते. वरचा थर झडत जातो तशी मेंदीही उतरत जाते.

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. खरी मेंदी धुतल्यावर पहिल्यांदा दिसते ती नारिंगी, कधी कधी अगदी गाजरासारखी. मग हवेतल्या ऑक्सिजनमुळे दीड-दोन दिवसांत ती पिकते. आधी विटकरी, मग तपकिरी, फार तर गडद चॉकलेटी. हे वेळापत्रक बदलता येत नाही. चहाचं पाणी, साखर, निलगिरीचं तेल यांनी थोडाफार फरक पडतो. पण दहा मिनिटांत कुळकुळीत काळी? ते लॉसोनचं काम नव्हे.

नवरीचा हात

आता मी सोजतला गेले का, ते सांगते. जोधपूरची तिकिटं ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर आधीच काढली होती, पण सोजतचा जादा दिवस माझ्या मावशीच्या हुकमावरून. माझ्या मावसबहिणीचं लग्न डिसेंबरात ठरलं होतं आणि घरात एकच विषय पेटला होता : नवरीने मेंदी काढायची की नाही?

त्याच्या दोन वर्षं आधी एका मैत्रिणीच्या संगीताला तिने हातभर 'ब्लॅक मेहंदी' काढून घेतली होती. नाजूक नक्षी, झटपट रंग, फोटो एकदम झक्कास. तिसऱ्या दिवशी खाज सुरू झाली. चौथ्या दिवशी नक्षीच्या प्रत्येक रेषेवर फोड. वेल, पान, कोयरी सगळं जसंच्या तसं, फक्त फोडांचं. आठवडाभर तिला की-बोर्डवर बोटं ठेवता आली नाहीत. फोड बरे झाले, पण नक्षीचा फिकट डाग पुढे कित्येक महिने हातावर होता. स्किनच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट केली आणि कारण सापडलं : पीपीडी.

पीपीडी म्हणजे पॅरा-फेनिलिनडायमिन. केस काळे करणाऱ्या बहुतेक परमनंट डायमध्ये हेच असतं. नियम पाळून, ठरलेल्या प्रमाणात, केसांवर थोडा वेळ लावून धुतलं तर कोट्यवधी लोकांना काहीही होत नाही. युरोपात डोक्याला लावताना पीपीडीचं प्रमाण जास्तीत जास्त २ टक्के असावं असा नियम आहे आणि कातडीवर नक्षी काढायला ते चालतच नाही. काळ्या मेंदीत मात्र ते थेट त्वचेवर, तासन् तास आणि कसलंही माप नसताना लावलं जातं. अनेक नमुन्यांत ते २ टक्क्यांच्या कितीतरी पुढे सापडलं आहे. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २००६ साली 'अॅलर्जन ऑफ द इयर' म्हणून पीपीडीचीच निवड केली होती. पुरस्कार कसले कसले असतात बघा!

आणि खरा वैताग पुढचा आहे. शरीराने एकदा पीपीडीला शत्रू मानलं की ते सहसा आयुष्यभर विसरत नाही. उद्या केस पांढरे झाले आणि साधा हेअर डाय लावला, तर डोकं, कपाळ, डोळे सगळं सुजू शकतं. रचनेने पीपीडीच्या जवळची काही द्रव्यं, जसं की बेन्झोकेन हे बधिर करण्याचं औषध किंवा कपड्यांचे काही गडद रंग, हीसुद्धा काहींना त्रास देतात. माझी बहीण तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. एका संध्याकाळच्या फोटोंसाठी तिला ही यादी जन्मभर पर्समध्ये बाळगावी लागणार आहे.

मावशीचं म्हणणं, "नवरीचे हात कोरे? लोक काय म्हणतील!" बहिणीचं म्हणणं, "लोकांना फोड येणार आहेत का?" डॉक्टरांचं म्हणणं, खऱ्या, निव्वळ मेंदीची अॅलर्जी क्वचितच दिसते आणि पीपीडीची अॅलर्जी असलेल्यांना ती बहुधा चालते. पण पाकिटात निव्वळ मेंदीच आहे हे कोण सांगणार? "तू चाललीच आहेस ना जोधपूरला," मावशी मला म्हणाली, "मग तिकडूनच आण."

तीन वाट्या

सोजतच्या कारखान्यात शिरलात की पहिली दहा मिनिटं तुम्ही फक्त शिंकता. पानं साफ होतात, दळली जातात, मग बारीक कापडातून गाळली जातात. हवेत हिरवी धूळ तरंगत असते. कामगारांनी नाकाला फडकी बांधलेली असतात, पापण्या हिरव्या झालेल्या असतात. ब्युटी प्रॉडक्टच्या जाहिरातीत पानावर दवाचा थेंब दाखवतात ना, तसलं इथे काही नाही. मशीनचा खडखडाट आहे आणि खोकला आहे.

मालक माझ्याच वयाचा निघाला. वडिलांनंतर धंदा बघतो. मी सगळी हकीकत सांगितली, अगदी फोडांच्या फोटोंसकट. त्याने फोटो बघितले, काही बोलला नाही आणि आतून तीन वाट्या घेऊन आला.

पहिल्या वाटीत मळकट, खाकीकडे झुकणारी पावडर. दिसायला अगदीच बोअर. "ये असली." दुसऱ्या वाटीत पोपटी, बघताच ताजी वाटणारी. यात हिरवा रंग मिसळलेला. का? तर गिऱ्हाइकाला हिरवं म्हणजे ताजं वाटतं! खरी वाळलेली पानं अशी हिरवीगार राहतच नाहीत. आणि तिसऱ्या वाटीत तपकिरी-काळसर. ही केसांची 'काळी मेंदी'. मेंदीची पावडर, पीपीडी आणि पाणी लागलं की ऑक्सिजन सोडणारं बेरियम पेरॉक्साइड. रंग मेंदीने येत नाही, या जोडीने येतो. मेंदी आपली नावापुरती.

"काली मेहंदी का कोई झाड़ नहीं होता, दीदी," तो म्हणाला.

मग मी विचारलं, ही तिसरी वाटी तुमच्याच कारखान्यातली ना? हो, म्हणाला. ऑर्डर असते, लायसन्स आहे, पाकिटावर सगळं छापतो. "डिमांड है. कलर सबको आज ही चाहिए." त्याचा राग यावा असं काही तो बोलला नाही. हातावरच्या कोनात मात्र आपण ते घालत नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. पण इथून पोत्याने गेलेली पावडर पुढे कुठल्या शहरात, कुणाच्या गोदामात, कशात मिसळून कोनात भरली जाते, यावर त्याचा ताबा नाही आणि ते त्याने लपवलंही नाही.

म्हणजे मंडळी, भौगोलिक मानांकन ही उगमाची खूण झाली. पान कुठलं ते त्यावरून कळेल, कोनात नंतर काय गेलं ते नाही. शुद्ध मेंदी आणि काळी पावडर, दोन्ही एकाच गावात एकाच छपराखाली तयार होऊ शकतात. गावाचं नाव वाचून थांबायचं नाही, पाकीट उलटायचं.

पाकीट उलटा!

पुढे पानं, फुलं, 'हर्बल', 'नॅचरल', 'केमिकल फ्री'. मागे मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं. खरी गंमत मागेच असते.

भारतात २०२० सालचे कॉस्मेटिक्स रूल्स लागू आहेत. त्यानुसार घटकांची यादी द्यावी लागते आणि ती प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने. जे सगळ्यात जास्त ते आधी. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कुठल्याही क्रमाने चालतात. त्यामुळे पुढे मोठ्ठं 'आवळा, शिकेकाई, ब्राह्मी' लिहिलेलं असेल आणि मागे ती नावं यादीच्या तळाशी असतील, तर काय समजायचं ते तुम्ही समजा. हाच नियम तुमच्या फेसवॉशला, बॉडी लोशनला आणि 'कोरफडीच्या' जेललाही लावून बघा. संध्याकाळ मजेत जाईल.

पीपीडी नेहमी 'पीपीडी' या नावाने येत नाही. पॅरा-फेनिलिनडायमिन, १,४-डायअमिनोबेन्झीन किंवा नुसतं सी.आय. ७६०६० अशीही तीच व्यक्ती. तिची चुलत बहीण टोल्युइन-२,५-डायमिन. 'पीपीडी फ्री' डब्यांत बऱ्याचदा हीच बसलेली असते आणि पीपीडीची अॅलर्जी असलेल्या काहींना हिचाही त्रास होतो. 'नो अमोनिया' वाचून हुरळू नका. अमोनिया वेगळा, पीपीडी वेगळं. आणखी एक खूण : पीपीडी असलेल्या हेअर डायवर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा छापावाच लागतो, की काहींच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी करा, पापण्या-भुवयांना लावू नका, आंधळेपणा येऊ शकतो. 'हर्बल मेंदी'च्या पुडीवर हा इशारा दिसला, तर पुढच्या बाजूचं पान-फूल विसरून जा.

कोनाची गोष्ट आणखी सोपी. भिजवलेली खरी मेंदी ही ताज्या पिठासारखी असते. बाहेर ठेवली तर काही दिवसांत तिची रंगायची ताकद जाते. फ्रीजरमध्ये टिकते. मग दुकानात साध्या शेल्फवर वर्षभराची एक्सपायरी घेऊन बसलेला आणि तरीही दहा मिनिटांत रंगणारा कोन कशाच्या जिवावर रंगतो? हा प्रश्न दुकानदाराला विचारा. उत्तर येणार नाही, पण तुमचा तुम्हाला निर्णय घेता येईल.

नॅचरल म्हणजे सेफ?

इथे जरा दुसरी बाजूही. 'केमिकल फ्री' असं जगात काहीच नसतं. बासांच्या शेतातल्या पानातलं लॉसोन हेसुद्धा २-हायड्रॉक्सी-१,४-नॅफ्थोक्विनोन नावाचं केमिकलच आहे. नाव वाचून घाबरायचं ठरवलं तर मेंदीही लावता येणार नाही!

आणि निव्वळ मेंदीही सगळ्यांसाठी नाही. जी-६-पी-डी नावाच्या एन्झाइमची कमतरता काही जणांना जन्मतः असते. अशा बाळांच्या हातापायाला किंवा टाळूला मेंदी लावल्यावर लाल रक्तपेशी फुटून जीव धोक्यात आल्याच्या केसेस वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. बारशाला बाळाच्या तळव्यावर मेंदीचा ठिपका काढायची हौस असेल, तर ती आवरा. अमेरिकेत तर मेंदीला परवानगी आहे ती फक्त केस रंगवायला, त्वचेवर लावायला नाही.

तेव्हा भांडण 'निसर्ग विरुद्ध केमिकल' असं नाहीच. कुठलं द्रव्य, किती, शरीराच्या कुठल्या भागावर, किती वेळ आणि कुणाच्या, एवढंच विचारायचं.

आमच्या टीममध्ये तिशीच्या आत केस पांढरे झालेले चौघे जण आहेत. डेडलाइन, दुसरं काय! त्यांच्यासाठी एक माहिती घेऊन आले. केस काळे करायचा वनस्पतीचा मार्ग आहे, पण तो दोन टप्प्यांचा आहे : आधी मेंदी, ती धुतल्यावर निळीच्या पानांची पावडर. नारिंगीवर निळा चढला की काळपट तपकिरी. ही नीळ तमिळनाडूत पिकते. सगळ्याला तीन-चार तास जातात, बाथरूमची फरशी रंगते आणि दर महिन्याला पुन्हा तेच. रविवार त्यात घालवायचा की पाकिटावरचा इशारा वाचून, आधी चाचणी करून डाय लावायचा, हे ज्याने त्याने ठरवावं. दोन्ही शहाणपणाचेच मार्ग आहेत, फक्त आत काय आहे ते माहीत असलं पाहिजे.

लग्नाचं टाइमटेबल

सोजतहून पहिल्या वाटीतली एक किलो पावडर आणली. घरी आल्यावर जमेल तेवढं तपासलं. चमचाभर पावडर पाण्याच्या ग्लासात टाकली. वाळू असेल तर खाली खर बसते. बसली नाही. ओल्या टिश्यू पेपरवर थोडी पसरली. मिसळलेला हिरवा रंग असेल तर कागदावर लगेच हिरवा ओघळ येतो. आला नाही. भिजवून तळव्यावर ठिपका दिला, तर तासाने फिका नारिंगी. पण हेही सांगते की अशा घरगुती चाचण्यांनी पीपीडी पकडता येत नाही, ते प्रयोगशाळेचं काम. म्हणून शेवटचा शब्द डॉक्टरांचा. त्यांनी बहिणीच्या दंडाच्या आतल्या बाजूला त्याच पावडरीचा छोटा ठिपका लावून दोन दिवसांनी आणि पुन्हा चार दिवसांनी बघितला. काही नाही. आधी रिअॅक्शन आलेल्यांनी ही चाचणी घरच्या घरी करू नये, हे त्यांनी बजावून सांगितलंय.

पुढचा सामना मेंदीवाल्या ताईंशी. "तुमच्या पावडरीने रंग आला नाही तर मला बोल लावाल हो मावशी!" त्यांचंही बरोबर होतं. गडद रंग म्हणजे नवऱ्याचं जास्त प्रेम, असं आपणच म्हणतो आणि मग रंग फिका आला की ऐकून घ्यायला मेंदीवाली. शेवटी ठरलं ते असं : कोन ताई भरणार, पावडर आमची आणि मेंदी लग्नाच्या आदल्या रात्री नाही, तर दोन रात्री आधी. कार्यालयाचं बुकिंग बदलावं लागलं नाही, फक्त मेंदीचा कार्यक्रम घरच्या हॉलमध्ये आला. गादीवर पसरून गप्पा मारता आल्या, तेही बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात खरवडले, तर रंग गाजरासारखा! मावशीचा चेहरा पडला. ताई म्हणाल्या, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" बहीण मात्र हाताकडे सारखी बघत होती. रंगासाठी नाही, पुरळ शोधत. दिवसभर तिने कितीतरी वेळा मनगट उलटं-सुलटं करून पाहिलं. लग्नाच्या सकाळी हिरवा चुडा भरताना रंग गडद तपकिरी झाला होता आणि कातडी स्वच्छ होती. तिसरा आणि चौथा दिवसही तसेच गेले. तेव्हा कुठे आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

जायचं तर...

मुंबईहून अहमदाबाद-अबू रोडच्या मार्गाने येणाऱ्या अनेक गाड्या मारवाड जंक्शनला थांबतात. तिथून टॅक्सीने सोजत गाठता येतं. विमानाने जाणार असाल तर जोधपूरला उतरून सकाळी निघा, संध्याकाळी परत. कापणी बघायची तर ऑक्टोबरच्या आसपास जा, बाकीच्या वेळी गोदामं आणि बाजार बघायला मिळेल. पांढरे कपडे घालू नका, रुमाल जवळ ठेवा, दमा असेल तर कारखान्याच्या आत शिरू नका. शेतात जायच्या आधी विचारा. चहा मिळेलच, नाही म्हणू नका.

आणि खरेदी? पावडर घ्या, तीही मळकट दिसणारी, घटकांच्या यादीत फक्त मेंदीचं पान लिहिलेली आणि त्याच वर्षीच्या पिकाची. हवाबंद डब्यात भरून फ्रीजरमध्ये टाका. कोन मात्र घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. तो घरी, स्वतःच्या हाताने भरा.